ओवलेल्या सुया

बटणं लावणाऱ्या मावशी आणि त्यांच्या शेजारी बसून काजं करणारी, या दोघींमध्ये वर्षभर विस्तव जात नव्हता. त्यांच्या तक्रारी ऐकून शिवणखात्याच्या मॅनेजरबाईंचे कान किटले होते.

त्या दिवशी मावशींनी नवीच तक्रार आणली. "ती माझ्या आधी येते आणि माझा सुयांचा डबा उघडते. या डोळ्यांनी पाहिलंय मी, मॅडम."

चौकशीच्या फंदात न पडता बाईंनी काजवालीला हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

आठवड्याभरात मावशींचं काम निम्म्यावर आलं. बाईंनी विचारायला बोलावलं, तर मावशीच फणकारल्या. "काम कसं होणार? रोज सकाळी डब्यात दोरा ओवलेल्या सुया असायच्या. कंपनीची एवढी चांगली सोय तुम्ही बंद का केलीत? या वयात मला सुईचं नाक दिसतंय होय?"

कंपनीत अशी सोय कधीच नव्हती. बाईंना डबा उघडल्याची ती तक्रार आठवली.

मावशी गेल्यावर त्यांनी काजवालीला बोलावलं. "उद्यापासून जुन्या जागेवर बस. सुया कोण ओवून ठेवायचं, ते मी सांगते मावशींना."

"नको, मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "सोय परत सुरू केली, एवढंच सांगा. माझं नाव कळलं, तर बिचारीला भांडायला कुणी उरायचं नाही."