हात जाईल एवढी

गफ्फारने फडक्याची गाठ सोडली आणि दोन्ही नग रामीबाईपुढे ठेवले. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गफ्फारकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"हे काय होय, गफ्फारभाऊ?"

"कडी होय, बाई. दाराची. दोन फळ्यांच्या दो."

रामीबाई दुकानाच्या उंबऱ्यावर मटकन बसली. शेजारी तिची लेक लाली उभी होती. लालीचं लग्न परवावर आलं होतं.

घोटाळा फुलसिंगने, म्हणजे लालीच्या बापाने केला होता. रामीबाईच्या आईच्या पायातले पितळी तोडे होते. ते वितळवून लालीच्या हातांसाठी कडी करायची, असं ठरलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी फुलसिंग तोडे घेऊन तांड्यावरून आर्णीला आला आणि गफ्फारला म्हणाला, "लग्न हाय. दोन कडी करून दे." आता एक कडं असलं तर दोन कडी होतात आणि एक कडी असली तर दोन कड्या, हे शाळामास्तरांना ठाऊक. फुलसिंग घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचा, गफ्फार हिंदी. बाजारापुरती मराठी दोघांनाही पुरायची. या खेपेला पुरली नाही.

"केवढी?" गफ्फारने विचारलं होतं.

"हात जाईन एवढी."

"अन नक्षी?"

"मोर काढ. पोरगी खूश झाली पायजे."

गफ्फार जन्मभर दाराचंच सामान घडवत आलेला. लग्नाआधी घराला नवं दार बसवणारा हा काही पहिला बाप नव्हता. दोघा शहाण्यांनी आणखी काय विचारायचं होतं?

आणि कड्या तर अशा उतरल्या होत्या की पाहत राहावं. तळहाताएवढ्या चकतीवर मोर, मोराच्या चोचीत कडी. एक मोर डावीकडे पाहणारा, एक उजवीकडे. दार लागलं की दोघं समोरासमोर यायचे. मूठ बसते तिथे नक्षी मुद्दाम सोडलेली, हाताला टोचू नये म्हणून. खाली, कडी फळीवर आपटते त्या जागी, उकललेलं कापसाचं बोंड. कापसाच्या जिनवाल्या शेटजीच्या बंगल्यालाही गफ्फारने असं काम दिलं नव्हतं. पोरगी खूश झाली पाहिजे, हे त्याने फारच मनावर घेतलं होतं.

"माह्या मायच्या पायातलं होतं हे," रामीबाई म्हणाली. "इच्या हातात घालाचं होतं. आता काय दाराले घालू?"

बाहेर गाडीपाशी फुलसिंग बैलाचं शिंग पुसत होता. शिंग स्वच्छच होतं.

गफ्फारने दोन्ही कड्या पुन्हा आपल्याकडे ओढल्या. मग म्हणाला, "चूक माही हाय. म्या विचाराले पायजे होतं. नवीन साचा वाळाले चार दिवस लागते, तेवढा टाइम तं नाई. पन कडी तोडतो, तापवून वाकवतो. सांजेलोक हातातलं होईन. साधंच होईन, नक्षी नाई निघनार."

"अन मोर?"

"मोर भंगारात."

त्याने एक कडी ऐरणीवर ठेवली. छिन्नी मोराच्या चोचीपाशी टेकवली. हातोडा वर गेला आणि तिथेच थांबला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते लपवणं त्याला जमत नव्हतं.

"थांब चाचा," लाली म्हणाली.

तिने ऐरणीवरची कडी उचलली. आधी हात घालून पाहिला. कडी सरसर कोपरापर्यंत गेली, तशी ती हसली. मग तिने दुकानाच्या फळीवर चकती धरली आणि कडी आपटली. ठक, ठक. पितळेचं बोंड लाकडावर घुमलं.

आतल्या घरातून गफ्फारची बायको सईदा ओरडली, "कोन हाय?"

लाली दचकली. कडी हातात धरून ती त्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिली. तिने पुन्हा वाजवली, या वेळी जरा हळू.

"अरे, कोन हाय? आली, आली!"

लालीने आईकडे पाहिलं. "माय, तू माह्या घरी येशीन तवा अशीच वाजवजो. मले समजीन, तूच होय म्हनून."

"कायवर वाजवू?" रामीबाईने पदराने डोळे पुसले. "तुह्या सासरी बांबूची ताटी हाय. उचलून बाजूले ठेवा लागते. दार कुठी हाय तिथं?"

सईदा ओले हात पुसत पडद्याआड येऊन उभी राहिली. हातोडा अजून गफ्फारच्या हातातच होता.

"अन लोक काय म्हनतीन?" रामीबाई म्हणाली. "नवरी मोकळ्या हातानं आली म्हनतीन."

लालीने दोन्ही कड्या फडक्यात ठेवल्या. मोर एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये फडक्याची एक घडी घातली आणि गाठ मारली. गाठोडं जड होतं. ते तिने कडेवर घेतलं.

"मोकळ्या हातानं काहून?" ती म्हणाली. "बाले सांग, आजच निरोप धाड म्हना माह्या सासरी. कडी आमच्याकडून, दार त्याइच्याकडून."