काटे खुडलेली वांगी

खुल्या तुरुंगाच्या फाटकात भिवा तोरणे शेतात पिकवलेली वांगी घेऊन उभा होता. आज त्याची सुटका होती. न्यायला आलेल्या त्याच्या लेकीची, रंजनाची, जेलरसाहेबांनी कागदावर सही घेतली. 'उपचारात कैद्याच्या मेंदूतून गुन्ह्याची आठवण काढून टाकली आहे. नातेवाइकांनी तो विषय काढू नये.'

भिवाने पिशवी तिच्या हातात दिली. "देठांचे काटे खुडलेत. तुझ्या आईच्या बोटांत रुततात ना."

रंजना पिशवीतच बघत राहिली. "चला बाबा, एसटी चुकेल."

"चौदा वर्षांत एकदाही भेटायला आली नाही ती," भिवा चालता चालता म्हणाला. "आजसुद्धा नाही. मी तिचं असं काय वाकडं केलं होतं गं?"