फाटकापर्यंत

मर्गिलानमध्ये मुलगी बघायला येणाऱ्या बायका आधी शेजारीपाजारी चौकशी करतात आणि मगच घरी चहाला येतात. मुहय्योच्या घरी चहा पिऊन गेलेली एकही बाई परत फिरकली नव्हती. आपली बदनामी करणाऱ्याला कोर्टात खेचायचंच, असं ठरवून तिने साओदतबाईंना गाठलं. त्या खासगी हेर होत्या. लग्नाच्या मुलाची मावशी बनून त्या अख्खा मोहल्ला फिरल्या, मुहय्योच्या घरीही चहा पिऊन आल्या आणि मग त्यांनी तिला कचेरीत बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं.

कोपऱ्यावरचा नानवाला म्हणत होता, "पोरगी सोन्यासारखी आहे." समोरची रेशीमवाली म्हणत होती, "डोळे मिटून सून करा."

"म्हणजे वाईट कुणीच बोललं नाही?"

"एकच बाई बोलली. मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा." साओदतबाईंनी पुढचं लावलं.

"हे बघा बाई, त्या ताश्कंदच्या ड्रायव्हरबरोबर आमच्या मुलीचं नाव जोडतात ना, ते साफ खोटं आहे. तुमच्या कानावर येईलच, म्हणून आधीच सांगते."

आवाज आईचा होता.

"दावा लावायचा का?" साओदतबाईंनी विचारलं. मुहय्यो उठून घरी निघाली.

घरी आई समोशासारखे सामसे भरत बसली होती. उद्या मुलगी बघायला फरगान्याहून बायका येणार होत्या.

"आई, या वेळी तू त्यांच्याशी काही बोलू नकोस."

आईने पिठाचे हात तिच्या गालांवर ठेवले. "वेडी कुठली. मी नाही तर तुझ्या बाजूने बोलणार कोण?"