थोरल्याचा शब्द

कोच डोलन दुसरा पोर्क चॉप संपवून उठले. धाकट्या कॉल्बीला आपल्या कॉलेजच्या कुस्ती संघासाठी मागायला ते चार तास गाडी हाकत आले होते. निघताना त्यांनी दारात सगळ्यांशी हात मिळवले आणि थोरल्या ट्रेंटपाशी अंमळ थांबले.

"गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे," ट्रेंटनं हात सोडवून घेतला.

गाडी मक्याच्या कापलेल्या शेतांपलीकडे दिसेनाशी झाली, तसे सगळे टेबलाशी परतले. वडलांनी, आर्लननं, आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई मॅरिअननं ठेवणीतल्या बशा काढल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी ट्रेंट याच कॉलेजात गेला, तेव्हा त्याला मागायला कुणी आलं नव्हतं. त्यानं आपणहून तीन पत्रं धाडली, तेव्हा कुठे डोलननी त्याला सरावाला उभं राहू दिलं. दोन वर्षांत संघातून एकही कुस्ती न लढता गुडघा गेला, आणि आता तो गावच्या धान्यकोठारावर मका उतरवून घेत होता. कॉल्बीचा मात्र सगळा खर्च कॉलेज उचलणार होतं.

"बोल रे," आर्लन धाकट्याला म्हणाला. "हे, की चाळीस मैलांवरचं ते टीचभर कॉलेज? मला विचारशील तर यात विचार करण्यासारखं काही नाही."

कॉल्बी बशीत काटा फिरवत राहिला. "ट्रेंट काय म्हणतो?"

"तेही खरंच. दोन वर्षं काढलीयत त्यानं तिथं. सांग रे ट्रेंट. तू म्हणशील तसं."

सगळे आपल्या तोंडाकडे बघताहेत, असं या घरात किती दिवसांनी घडत होतं.

"नको जाऊस," ट्रेंट म्हणाला.

"का?"

"पोरगं जिंकतंय तोवर डोलन गोड. ऑपरेशननंतर माझा गुडघा चिघळला, तीन आठवडे दवाखान्यात पडून होतो. हा माणूस एकदा फिरकला नाही."

भांडी घासता घासता मॅरिअननं नळ बंद केला.

ट्रेंट दवाखान्यात होता तेव्हा मक्याची काढणी ऐन भरात होती आणि आर्लनला शेत सोडता आलं नव्हतं. दवाखान्यात राहिली होती ती मॅरिअन. डोलन दर रविवारी येत, खाटेशी बसून राहत. एकदा तर त्यांनी स्वतः ट्रेंटची दाढी करून दिली होती. त्या दाढीची आठवण झाली की ट्रेंटच्या अंगाची अजून लाही व्हायची. खेळाडू म्हणून या माणसानं आपल्याकडे कधी वळून पाहिलं नाही, आणि माया केली ती अशी, लोळागोळा होऊन पडल्यावर.

मॅरिअन वळली. तिनं ट्रेंटकडे पाहिलं, मग कॉल्बीकडे. एक कॉलेज चार तासांवर, दुसरं चाळीस मैलांवर. तिनं नळ पुन्हा सोडला आणि बशी विसळायला घेतली.

"असा आहे होय हा," आर्लन म्हणाला. "आणि माझ्या टेबलाशी बसून दोन-दोन चॉप हाणून गेला." तो उठला आणि त्यानं ट्रेंटच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बोललास. घरात थोरला असावा तो यासाठी."

हात बराच वेळ तिथंच होता.

"जवळचंच बघतो मग," कॉल्बी म्हणाला. "उद्या कळवतो डोलनना."

थोड्या वेळानं ट्रेंट तळघरात उतरला. दोघं भाऊ जिच्यावर लहानपणी लढले, त्या जुन्या गादीवर कॉल्बी बुटांच्या नाड्या सोडवत बसला होता.

"जेवायच्या आधी डोलनना ही गादी दाखवायला आणलं होतं," मान वर न करता तो म्हणाला. "तुझी दाढी करताना हनुवटीला कापलं म्हणे त्यांच्या हातनं. अजून वाईट वाटतं म्हणाले."

ट्रेंट शेवटच्या पायरीवरच उभा राहिला. "मग वर बोलला का नाहीस?"

"कसा बोलू? बाबांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता." कॉल्बीनं दुसऱ्या बुटाची गाठ ओढली. "आणि डोलनकडं गेलो असतो, तर तू माझी एकही कुस्ती बघायला आला नसतास. इथं तरी येशील."

फोन उद्या करायचा होता. आत्ता एवढंच म्हणायचं होतं, की मी खोटं बोललो, जा तिथं.

"येईन," ट्रेंट म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात त्या टीचभर कॉलेजच्या हॉलमध्ये कॉल्बीची पहिली कुस्ती लागली. आर्लन आणि मॅरिअन तासभर आधीच आत जाऊन बसले. मधे एक खुर्ची त्यांनी धरून ठेवली होती. ट्रेंट चाळीस मैल आला आणि आवारात पिकअपमध्येच बसून राहिला. काचेवर बर्फ साचत होता. दोन्ही कॉलेजांची माणसं जमली होती आणि आतून सारखा आवाज येत होता. मग एकाएकी छत उचललं जाईल असा गलका उठला. कुणाची तरी पाठ टेकल्याशिवाय असा गलका होत नाही. कुणाची, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. ट्रेंटनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. आत गेल्यावर आपल्याला काय दिसायला हवंय, तेच त्याला स्वतःशी कबूल करवेना.