दाक्षायणीचं नाव

विलासिनी टीचर वाचनालयात शिरल्या त्या डोक्यावरची छत्री न मिटताच.

"अजया, कोण रे हा मेला पाणकावळा?"

अजयन वीज खात्यात लाइनमन. रविवारी सकाळी तो गावच्या वाचनालयात नव्या लोकांना नेटवरच्या मलयाळम ज्ञानकोशात लिहायला शिकवायचा. टीचर महिनाभरापूर्वी त्याच्या वर्गात येऊन बसल्या. कधीकाळी तो त्यांच्या वर्गात बसला होता. त्यांचा पहिलाच लेख कैतक्कडवच्या दाक्षायणीवर होता. पूल व्हायच्या आधी एकतीस वर्षं तिथली होडी ती चालवायची. आज सकाळी त्या लेखाच्या डोक्यावर लाल चौकट आली होती: हा लेख वगळण्याचा प्रस्ताव आहे, चर्चेसाठी सात दिवस. खाली प्रस्ताव मांडणाऱ्याचं टोपणनाव, पाणकावळा.

"कुणीतरी शहरातला दीडशहाणा असणार. जन्मात होडीत पाय ठेवला नसेल. पण मीही सोडत नाही. चाळीस जुन्या विद्यार्थ्यांना फोन करते. सगळे येऊन लिहितील, लेख ठेवा म्हणून."

"नका करू, टीचर. चाळीस जणांचं 'ठेवा' तिथे कुणी मोजत नाही. एकाने पुरावा दिला तर पुरतं." अजयनने खुर्ची पुढे सरकवली. "आणि तो पाणकावळा मीच आहे."

टीचरनी खाडकन छत्री मिटली.

"तुमचा लेख म्हणून सोडला असता, तर उद्या दुसऱ्याचा कुठल्या तोंडाने काढू? बसा. वाचवायचा असेल तर माझ्याशीच भांडावं लागेल. कसं भांडायचं तेही मीच सांगतो."

टीचर बसल्या, पण तोंड फिरवून.

अजयन लेख मोठ्याने वाचू लागला. "'त्यागमूर्ती, मातृहृदयी, नदीची लाडकी कन्या दाक्षायणी...' हे कुठे छापून आलंय?"

"हे छापून कशाला यायला हवं? हे लिहायचं असतं! निबंधात तू एक उपमा घालायचा नाहीस. म्हणून तर दहापैकी चार मिळायचे तुला."

"म्हणूनच इथे टिकलोय."

टीचरना हसू आलं. ते त्यांनी दाबलं. पण मग एकेक विशेषण त्यांनी स्वतःच खोडलं. 'त्यागमूर्ती' खोडताना त्यांचं बोट जरा अडखळलं. तीन पानांच्या अकरा ओळी राहिल्या. टीचरनी त्या दोनदा वाचल्या.

"आता ती दिसते," त्या हळूच म्हणाल्या. "मघाशी मीच दिसत होते."

"आता पुरावा. पुराच्या दिवशी तिने शाळेची मुलं नदीपार नेली, हे कशावरून?"

"शाळेच्या स्मरणिकेत आहे की!"

"स्मरणिकेची संपादक कोण?"

"मी."

"म्हणजे ते तुमचंच सांगणं झालं. तिऱ्हाइताने छापलेलं हवं." मग दोघं उठून कपाटाकडे गेले.

पूर आला त्या ब्याण्णव सालच्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे वाचनालयाने जपून ठेवले होते. धूळ झटकत, शिंकत, दोघांनी दुपारपर्यंत पानं उलटली. मध्ये दोनदा काळा चहा झाला. शेवटी ऑगस्टच्या गठ्ठ्यात, चौथ्या पानाच्या कोपऱ्यात, चार ओळी सापडल्या. टीचरनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली.

"'पुराचे पाणी शाळेत शिरले असता एका महिलेने सात फेऱ्यांत बावन्न मुलांना होडीने पैलतीरी पोचवले.'" त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे त्याबद्दल काहीच नव्हतं. "एका महिलेने? अरे, नावच नाही?"

"नाही."

"बावन्न मुलं मी मोजून होडीत चढवली. मी स्वतः. मी सांगते ना, दाक्षायणीच होती!"

"तुम्ही सांगताय ते खरं आहे, टीचर. पण तेवढ्यावर तिथे चालत नाही." अजयनचा आवाज पडला होता. "ह्या चार ओळी चर्चेत घालू. आणि सरळ लिहू, की नाव सापडलेलं नाही, कुणाकडे असल्यास कळवा."

"असं उघडं पडायचं?"

"असंच."

टीचरनी स्वतः तसं लिहिलं. एकही उपमा न घालता.

पाच दिवस कुणी फिरकलं नाही. टीचर रोज संध्याकाळी येऊन चर्चेचं पान उघडायच्या आणि बंद करायच्या. सहाव्या दिवशी अजयन खांबावरून उतरून सरळ वाचनालयात आला, पट्टा कमरेला तसाच. टीचर पडद्यासमोर बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत. बोटाने नुसतं दाखवलं.

कुणा अनोळखी माणसाने होडीच्या जुन्या उतारांविषयीच्या एका पुस्तकाचं नाव दिलं होतं. प्रकाशक, साल, पान एकशे बारा. त्या पानाचा फोटोही जोडला होता. त्यात पुराची हकिगत होती आणि नावही, नावाडी दाक्षायणी. फोटोखाली लिहिलं होतं:

"माझी स्वतःची आठवण इथे पुरावा धरत नाहीत हे ठाऊक आहे. म्हणून पुस्तक शोधायला चार दिवस गेले. तिसऱ्या फेरीतलं एक मूल मीही."

सहीच्या जागी टोपणनावही नव्हतं, संगणकाच्या पत्त्याचे नुसते आकडे होते.

अजयन उभ्यानेच वाकला आणि त्याने पाणकावळ्याच्या नावाने एक ओळ लिहिली: प्रस्ताव मागे घेत आहे.

"कोण असेल रे?" टीचरनी विचारलं.

"कळायचं नाही, टीचर. इथे कुणी स्वतःचं नाव सांगत नाही."

टीचरनी डोळे मिटले. ओठ हलू लागले.

"तिसरी फेरी... सबिता. मोइदीन. गोपीचा धाकटा. त्या दोघी जुळ्या..."

अजयनने पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि आवाज न करता त्यांच्या शेजारी बसला.