भिंतीपलीकडचं भांडण

"हॉलमध्ये दिवसभर उजेड असतो," दादा म्हणाला आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणीतरी ताट आपटलं.

घर बघायला आलेलं तरुण जोडपं थबकलं. सोबत मुलाची आई होती. तिने भिंतीकडे पाहिलं.

"वारा," दादा म्हणाला.

"बाप अंथरुणाला खिळला होता तेव्हा कुठे होता हो तुमचा भाऊ?" वाऱ्याने बाईच्या आवाजात विचारलं.

"माझ्या भावाचं नाव काढायचं नाही!" आता पुरुष गरजला.

"काढणार! शंभरदा काढणार! औषधं पाजायला बहीण आणि हिस्सा मागायला भाऊ! जनाची नाही, मनाची तरी ठेव म्हणावं त्याला!"

मग काहीतरी काचेचं फुटलं. छोटी चहाचा ट्रे घेऊन आतून आली तेव्हा मुलाची आई चपला घालत होती.

"अहो, चहा तरी घ्या."

"नको. माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. असलं ऐकत वाढायचं का आमच्या बाळाने?"

दादा जिन्यापर्यंत मागे गेला. "किमतीचं बघू ना आपण!" असं वरून ओरडला. कुणी मान वळवली नाही.

तो परत आला तो दार आपटतच. "एकेक गिऱ्हाईक हाताशी येतं आणि ही शेजारची दोघं सुरू होतात! आणि कशावरून, तर भावावरून. कसली माणसं असतात गं जगात!"

"असतात," छोटी म्हणाली.

पन्नाशी उलटली तरी दादाची ही बहीण घरात छोटीच होती. लग्न केलं नव्हतं. वडिलांचं सगळं करायचं म्हणून शाळेतली नोकरीही सोडली होती. वडील गेले आणि घर दोघांच्या नावावर आलं. दादाने लगेच दुसरीकडे मोठा फ्लॅट ठरवून टाकला आणि विकायला नाही म्हणालीस तर कोर्टात जाईन, असंही प्रेमाने सांगून ठेवलं. छोटी नाही म्हणाली नव्हती. गिऱ्हाईक यायचं असलं की ती लादी पुसायची, नवे पडदे लावायची.

"तुला सांगतो, तुझ्या वाट्याला येईल त्यात एक खोली आरामात होईल," ट्रेमधला एक कप उचलत दादा म्हणाला. "एकट्या बाईला जागा लागते किती?"

"तेच तर."

"कंटाळली असशील ना या भानगडीला?"

"कंटाळले? डोकं फुटायची वेळ आलीय, दादा! सेक्रेटरीकडे तक्रार केली, तर तो म्हणतो, नवराबायकोच्या भांडणात सोसायटीला पडता येत नाही."

"थांब, मीच जातो आणि त्या म्हाताऱ्याचं थोबाड फोडून येतो." दादाने बाह्या सरसावल्या.

"तू नको. तुझं ब्लडप्रेशर. मी बघते." छोटीने केस घट्ट बांधले आणि ती तरातरा बाहेर पडली.

शेजारची बेल वाजली. दादा भिंतीला कान लावून उभा राहिला.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" छोटीचा आवाज भिंत भेदून आला. तिला एवढा मोठा आवाज आहे हे दादाला ठाऊकच नव्हतं. "माणसाने राहायचं कुठे? जीव ओतून घर उभं करायचं आणि कुणी उठून एका दिवसात त्याची माती करायची? कोण समजता स्वतःला? आयुष्यभर दुसऱ्याने राबायचं आणि तुम्ही फक्त येऊन हात पुढे करायचा?"

शेवटचं शेजाऱ्यांना नेमकं कसं लागू होतं हे दादाला नीट कळलं नाही, पण संतापलेल्या बाईच्या बोलण्याचा कुठे मेळ असतो? पलीकडे चिडीचूप झालं होतं. दादाला बहिणीचा अभिमान वाटला. ही आपल्यावर गेली, असंही वाटलं. त्याने उरलेला चहा संपवला, कप तिथेच ठेवला आणि रविवारचं गिऱ्हाईक पक्कं करण्यासाठी फोन लावत जिना उतरला.

शेजारच्या स्वयंपाकघरात छोटी खिडकीतून खाली बघत होती. त्याची गाडी वळणाआड गेली तशी ती खुर्चीत बसली. शेजारच्या काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. काकू फुटक्या बशीचे तुकडे गोळा करत होत्या.

"छान झालं आज," छोटी म्हणाली. "फक्त रविवारी घटस्फोटाचं काढू नका हं काकू. येणारा वकील आहे, कार्ड देऊन ठाण मांडून बसेल."