आपापल्या जागी बसा

मागच्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं नऊ सीटचं विमान कडेगावजवळ उसात कोसळलं. उसानं झेललं म्हणून माणसं हातपाय मोडून का होईना, वाचली. कारण मागाहून कळलं. वरून आपला मळा दिसतोय का बघायला सगळेच्या सगळे डावीकडच्या खिडक्यांकडे लोटले होते.

म्हणून आज त्याच मार्गावर निघताना पायलट जयराजनं उडायच्या आधीच सगळ्यांना दम भरला, "वाटेत कुणाचंही गाव येऊ दे, जागेवरून उठायचं नाही. वजन एका बाजूला गेलं की विमान कलतं."

रिटायर्ड सुभेदार नाथाजींनी पट्टा करकचून आवळला. शेजारी विजयमालाकाकूंनी तर मोह नको म्हणून डोळेच मिटून घेतले.

कडेगाव आलं आणि विमान डावीकडे कललं.

"कोण उठलं रं?" नाथाजी गरजले. वळून बघतात तर सगळे आपापल्या जागी, पट्टे बांधून.

 

पुढून जयराज हळूच म्हणाला, "आवं आबा, कुणी न्हाई उठलं. खाली गच्चीवर आमची आई उभी हाय, तिला जरा पंख हलवून दावला."